सेवेतून मिळणारी शांती : भक्ती म्हणायची की आणखी काही?

जाई_सोलापूर
नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांगा.

मी बँकेतून निवृत्त झाले आहे. रोजची पूजा, संध्याकाळी जप आणि वर्षातून एक पारायण असं वीस वर्षं न चुकता चाललंय. पण खरं सांगते, माळ हातात फिरत राहते आणि मन मुलाच्या नोकरीत, पाण्याच्या पाळीत, कुणाच्या तरी बोलण्यात अडकलेलं असतं. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, चालू ठेवा. मी चालू ठेवलं.

गेल्या दिवाळीनंतर शेजारच्या वहिनींबरोबर सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जेवण वाढायला जाऊ लागले. मंगळवार आणि शनिवार. पेशंटला आत जेवण मिळतं, पण त्याच्याबरोबर आलेल्यांचं काय? अक्कलकोट, इंडी, उमरगा, पार कलबुर्गीकडची माणसं असतात. झाडाखाली पोतं अंथरून आठ-आठ दिवस काढतात. आम्ही वीसेक बायका घरून ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी नेतो, खिचडी तिथे जवळच शिजते.

डिसेंबरात एका शनिवारी एक म्हातारे गृहस्थ रांगेत होते. धोतर, डोक्याला मफलर. दोन भाकरी घेतल्या, रुमालात बांधल्या आणि बाजूला उभे राहिले. मला वाटलं आणखी हवंय. मी विचारलं, तर ते अर्ध्या कन्नडात अर्ध्या मराठीत म्हणाले, "ताई, तुम्ही जेवलात का?" त्यांची बायको आत अत्यवस्थ होती. मुलगा पुण्याला कामाला, आलेला नव्हता. आणि ते मला विचारत होते. मी नाही म्हटलं तेव्हा रुमाल सोडून त्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. मी घेतली. दोघं उभ्याउभ्या जेवलो.

त्या रात्री देवापुढे बसले तर मागायला काही सुचेना. मन कुठे गेलंच नाही. माळ कधी संपली ते कळलं नाही. वीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

पुढच्या मंगळवारी ते दिसले नाहीत. बायको बरी होऊन घरी गेली की काय झालं, मला माहीत नाही. आणि आता हेच टोचतंय. त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं आणि मला त्यातून शांती मिळाली. हे बरोबर आहे का? याला भक्ती म्हणायचं का? तुमच्यापैकी जे अशा कामात आहेत त्यांनी लिहावं.

माळरान
वाचतेय. जपाबद्दल लिहिलंत ते अगदी माझंच आहे. अर्ध्या भाकरीपाशी डोळ्यांत पाणी आलं.

शमी_वर्धा
जाईताई, छान लिहिलंत. तुमच्या प्रश्नावरून आमच्याकडची एक जागा आठवली. सेवाग्रामला बापूकुटीपासून जवळच परचुरे कुटी आहे. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं आणि लोक सावलीलाही उभे राहत नसत. ते आश्रमात आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालिश केली. त्याचं छायाचित्र बहुतेकांनी पाहिलं असेल.

मी शाळेत असताना सहलीला गेले तेव्हा वाटलं होतं, बापू किती थोर. आता पन्नाशीत जाते तेव्हा कुटीच्या दारात उभं राहून शास्त्रीबुवांचा विचार येतो. एवढ्या विद्वान माणसाला आपलं झडत चाललेलं शरीर दुसऱ्याच्या हातात द्यायला किती धीर लागला असेल! सेवा करून घेणं हीसुद्धा साधना असावी. त्या आजोबांनी तुमच्याकडून भाकरी घेतली आणि लगेच तुम्हाला दिली, म्हणजे त्यांनी तुम्हाला वर राहू दिलं नाही. मला वाटतं शांती तिथून आली.

वर्ध्याजवळच दत्तपूर आहे. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली तिथे कुष्ठधाम सुरू केलं. जमलं तर कधी या, मी घेऊन जाईन.

सरळ_रेघ
जाईताई, तुमच्या भावनेबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. राग नसावा.

आठ-आठ दिवस माणसं झाडाखाली झोपतात, हा मूळ प्रश्न आहे. नातेवाइकांसाठी निवारा, स्वच्छतागृह, कमी दरातलं जेवण या गोष्टी सार्वजनिक रुग्णालयाच्या आवारात असायलाच हव्यात. आपण मंगळवार-शनिवार खिचडी वाढतो, आपल्याला शांत वाटतं, आणि बुधवारी ती माणसं कुठे जेवली हे कुणी विचारत नाही. आपलं समाधान हाच त्या व्यवस्थेचा आधार होऊन बसतो. गरिबी राहिली तरच आपली साधना चालणार असेल तर त्या साधनेत काही तरी खोट आहे.

मी पंधरा वर्षं माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. तेही सेवाच आहे असं मी मानतो. त्यातून शांती मात्र कधी मिळाली नाही, हे कबूल.

माळरान
सरळ_रेघ, बुधवारचा मुद्दा पटला. पण शनिवारी भुकेल्या माणसाला अर्जाचं उत्तर येईपर्यंत थांब म्हणता येत नाही ना.

सरळ_रेघ
नाही येत. दोन्ही करायला हवं, एवढंच म्हणतोय.

निळी_पहाट
मी औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर). सरळ_रेघ यांच्या प्रतिसादाला अनुमोदन, आणि थोडं पुढचं.

अशा चर्चेत हमखास 'दरिद्रनारायण' हा शब्द येतो. अजून आला नाही याचा आनंद आहे. विवेकानंदांनी तो मनापासून वापरला, गांधीजींनीही वापरला, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण माझ्या आजोबांना कुणी नारायण म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग विहिरीवर पाणी का भरू देत नाही? १९२७ साली महाडला माणसं चवदार तळ्यावर गेली ती दया मागायला गेली नव्हती. आपल्या हक्काचं पाणी प्यायला गेली होती. ज्याला देव केलं त्याला हक्क द्यावे लागत नाहीत, हार घातला की झालं.

तरीही मी दर रविवारी एका वस्तीत मुलींना गणित शिकवते आणि तिथे मला जे मिळतं त्याला माझ्याकडे धम्माचा शब्द आहे : करुणा. विनयपिटकातली एक गोष्ट लहानपणी विहारात ऐकली होती. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. इतर भिक्खू त्याच्याकडे बघेनात, कारण तो त्यांच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला सांगितलं, तुम्हाला आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाहीत तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

मला या गोष्टीतली खाट आणि पाणी आवडतं. आधी धुतलं, प्रवचन नंतर.

आणि गाडगेबाबांचं विसरू नका. शेंडगावचा डेबूजी. गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे, कीर्तन रात्री. पंढरपुरात धर्मशाळा बांधली, यात्रेकरूंची सेवा केली, पण विठ्ठलाच्या दर्शनाला देवळात गेले नाहीत. आणि तीच चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, मुलांच्या शिक्षणासाठी. म्हणजे सेवा आणि हक्क ही दोन टोकं आहेत असं त्या माणसाला वाटलं नाही.

शमी_वर्धा
निळी_पहाट, प्रतिसाद जपून ठेवतेय. 'आधी धुतलं, प्रवचन नंतर.' सुंदर.

चुलीवरचं
थोडं अवांतर. जाईताई, खिचडीचं प्रमाण काय घेता? आमच्या गल्लीत गणपतीत दीडशे माणसांची करायची असते आणि दरवर्षी एक तर गोळा होतो नाही तर पेज.

जाई_सोलापूर
बरोबर भाकरी असेल तर दीडशे माणसांना ९ किलो तांदूळ आणि ३ किलो मूगडाळ पुरते. डाळ आधी कोरडी भाजून घ्या. मुख्य म्हणजे शेजारच्या शेगडीवर उकळतं पाणी कायम तयार ठेवा. खिचडी उभी राहिली की आळते, वाढताना थोडं थोडं गरम पाणी घालत राहायचं. गार पाणी घातलं की चव गेलीच. तिखट बेताचं, लहान मुलं असतात.

चुलीवरचं
वा! गरम पाण्याचं कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई. यंदा फोटो टाकते.

थेम्सकाठी
इंग्लंडहून लिहितोय. इथे आमच्या शहरात एका फूड बँकेत शनिवारी सकाळी जातो. बेताचा पगार असलेली, भाडं आणि विजेचं बिल भरून हातात काही न उरलेली माणसं येतात. सुरुवातीला मला श्रीमंत देशात हे बघून धक्काच बसला होता.

आम्ही पिशव्या भरताना आधी विचारतो, घरात गॅस चालू आहे का? कारण अनेकांच्या घरी आधी पैसे भरायचे मीटर असतात आणि त्यात पैसे नसतात. मग त्यांना डाळ-तांदूळ देऊन उपयोग काय? अशांसाठी वेगळी पिशवी असते, नुसतं उकळतं पाणी ओतून खाता येईल असं सामान. ज्याच्याकडे किटलीलाही वीज नाही त्याला गारच खाता येतील असे डबे. हे कळेपर्यंत मी महिनाभर आनंदाने चण्याची पाकिटं भरत होतो.

जाईताई, मी फारसा देवभोळा नाही. पण गॅस चालू आहे का, हा प्रश्न विचारायला लागल्यापासून माझ्यात काहीतरी हललं. आजीचा नैवेद्य आठवला. देवाला काय चालतं, काय चालत नाही हे ती किती बारकाईने बघायची! तेवढंच लक्ष समोरच्या माणसाकडे द्यायचं. मला तरी यापलीकडे अध्यात्म कळलेलं नाही.

अभंगवेडा
गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितलेत. फळाची इच्छा धरून किंवा कष्टी होऊन दिलेलं ते राजस. सत्कार न करता, अवज्ञेने दिलेलं ते तामस. म्हणजे योग्य वस्तू योग्य माणसाला देऊनही ती फेकल्यासारखी दिली तर दान बिघडलं. थेम्सकाठी यांचा गॅसचा प्रश्न म्हणजे तो सत्कार आहे असं मला वाटतं.

आणि नाथांची गोष्ट आहेच. काशीहून रामेश्वराला न्यायची कावड, वाटेत तडफडणारं गाढव, नाथांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली. लहानपणी आम्हाला शिकवलं की त्या गाढवात नाथांना रामेश्वर दिसला. आता वाटतं, आधी तहान दिसली असेल.

पिंपळपान
मी डॉक्टर आहे, सरकारी सेवेत. एक सावधगिरीची गोष्ट लिहिते.

जाईताईंना जे त्या शनिवारी मिळालं ते रोज मिळत नाही. विद्यार्थिदशेत मी मे महिन्यात बाबा आमट्यांच्या सोमनाथ प्रकल्पातल्या (चंद्रपूर जिल्हा) श्रमसंस्कार छावणीला गेले होते. सकाळी फावडं, घमेलं आणि बांध, दुपारी व्याख्यानं. आम्ही शहरातली मुलं 'सेवा' करायला गेलो होतो, आणि जेवत होतो ते बरे झालेल्या कुष्ठरुग्णांनी पिकवलेलं अन्न. बोटं नसलेल्या हातांनी पिकवलेलं. तिथेच पहिल्यांदा कळलं की बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळच्या माळावर आनंदवन उभं केलं ते दान वाटण्यासाठी नव्हतंच, काम देण्यासाठी होतं. घरी परतले तेव्हा मीही दोन आठवडे ढगात होते.

मग नोकरी लागली. रोजचे दीडशे-दोनशे पेशंट. ढग कुठल्या कुठे गेले. काही दिवस मी चिडचिडी असते, माझ्याच्याने नीट बोलवत नाही, आणि रात्री त्याची लाज वाटते. शांती मिळते म्हणून मी हे काम करत असते तर केव्हाच सोडलं असतं.

मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या. दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं बाहेर आली. कोलकात्यात काम सुरू केल्यापासून जवळजवळ शेवटपर्यंत त्यांना प्रार्थनेत देवाचं अस्तित्व जाणवत नव्हतं, आत अंधार आणि कोरडेपणा होता, असं त्यांनी आपल्या धर्मगुरूंना लिहिलं होतं. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना वाटलं, मग सगळं खोटंच. मला मात्र त्या दिवशी फार आधार वाटला. काही जाणवत नसतानाही पहाटे उठून माणूस तेच काम करायला जातो, याहून मोठी श्रद्धा कुठली? जाईताई, शांती मिळाली तर घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. नाही मिळाली तरी मंगळवारी जा.

माळरान
पिंपळपान, हा प्रतिसाद माझ्या भाचीला पाठवतेय, ती यंदा इंटर्नशिप करतेय.

तिसरी_पंगत
लिहू की नको करत चार दिवस गेले. लिहितो.

तुम्ही सगळे देणाऱ्यांच्या बाजूने बोलताय. मी घेणाऱ्यांतला. वयाच्या सहाव्या वर्षापासून दहावीपर्यंत मी आणि माझी धाकटी बहीण एका बालगृहात वाढलो. नाव लिहीत नाही. तिथल्या बाईंनी आम्हाला चांगलं वाढवलं.

पितृपंधरवड्यात आणि २६ जानेवारीच्या आसपास आमच्याकडे पाहुण्यांची रीघ असायची. एका दिवसात तीन वेळा श्रीखंड-पुरी खाल्लेली आहे. मग उन्हाळाभर कुणी नाही. वाढदिवसाचा केक यायचा, ज्याचा वाढदिवस तो मुलगा आम्हाला घास भरवायचा, फोटो निघायचा. माझा वाढदिवस कधी असतो हे कुणी विचारलं नाही. पाहुण्यांसमोर प्रार्थना म्हणायला उभं केलं की काही बायका डोळे पुसायच्या. तुम्हा मुलांत देव दिसतो, म्हणायच्या. मला तेव्हा भीती वाटायची, कारण देवाला गणितात नापास होता येत नाही, अंथरूण ओलं करता येत नाही, रडता येत नाही.

एक काका मात्र दर दुसऱ्या रविवारी यायचे. एसटीत मेकॅनिक होते. पाने, स्क्रू ड्रायव्हर, सुई-दोरा असं सगळं एका कापडी पिशवीत. आमच्या चपलांचे तुटलेले अंगठे शिवायचे, नळाचा वॉशर बदलायचे, खिडकीची कडी बसवायचे. बोलायचे फार कमी. पण माझ्या बहिणीला 'शेंगदाणे आवडणारी' म्हणून ओळखायचे आणि खिशात पुडी असायची. एकदा दोन रविवार आले नाहीत, तिसऱ्याला आले तेव्हा आधी सांगितलं, आई वारली होती रे. आम्हाला सांगितलं! आम्ही आठ-नऊ वर्षांची पोरं, आम्ही त्यांच्या भोवती बसलो. माझ्या बहिणीने त्यांना पुडीतले शेंगदाणे दिले. ते बराच वेळ तिथेच बसून होते.

त्यांना आमच्याकडून काय मिळत होतं मला माहीत नाही. मिळत असावं, नाहीतर इतकी वर्षं कोण येतं? आणि मिळत होतं याचं आम्हाला वाईट कधीच वाटलं नाही. उलट आम्ही कुणाच्या तरी उपयोगी पडलो, ही आमच्या आयुष्यातली पहिली वेळ होती.

जाईताई, त्या आजोबांनी तुम्हाला भाकरी दिली. त्यांना त्या दिवशी कुणालातरी काही द्यायचं होतं. तुम्ही घेतलीत. एवढं पुरे आहे.

शमी_वर्धा
तिसरी_पंगत, काय लिहू. नमस्कार.

सरळ_रेघ
माझं वरचं वाक्य मागे घेत नाही, पण ते अपुरं होतं. त्या काकांसारखं काही मी इतक्या वर्षांत केलेलं नाही. तुमची बहीण आता कुठे असते?

तिसरी_पंगत
नर्स आहे. लातूरला. अजून शेंगदाणेच खाते.

सीमेवरचा
मी निपाणीकडचा. जाईताई, तुमच्याकडे येणारे बरेच लोक कन्नड बोलणारे असणार. जेवलात का, हे आमच्याकडच्या कन्नडात 'ऊटा आतेन्री?' असं विचारतात. शेवटचं 'री' सोडू नका, ते आपल्या 'अहो'सारखं आहे. म्हातारी माणसं 'री' ऐकून लगेच खुलतात.

थेम्सकाठी
जाईताई, पुढे काय झालं? ते आजोबा पुन्हा भेटले का?

जाई_सोलापूर
सगळ्यांचे प्रतिसाद दोन-तीनदा वाचले. एकेकाला वेगळं उत्तर द्यायला हवं, पण जमेल तसं लिहिते.

आजोबा भेटले नाहीत. त्यांचं नावही मी विचारलं नव्हतं, हे तिसरी_पंगत यांचं वाचताना लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं. आता वही ठेवलीय. पेशंट कोण, गाव कुठलं, बरोबर कोण आलंय. त्यांनी सांगितलं तरच लिहायचं.

सरळ_रेघ, बुधवारचं तुमचं बोलणं मी गटात मांडलं. वहिनी म्हणाल्या, बाकीचे पाच दिवस कोण कोण येतं ते तरी आधी बघू. बघितलं तर गुरुवारी दुसरा एक गट येतो, सोमवार, बुधवार, शुक्रवार, रविवार कुणीच नाही. एका कॉलेजच्या मुलांशी बोललोय, ते रविवार घेतायत. निवाऱ्यासाठी अर्ज कसा लिहायचा ते मला सांगा. मी बँकेत तीस वर्षं अर्जच वाचलेत, लिहीनही.

या शनिवारी एक बाई लहान बाळाला घेऊन भिंतीशी बसली होती, रांगेत येत नव्हती. मी जवळ जाऊन म्हटलं, "ऊटा आतेन्री?" माझे उच्चार ऐकून ती आधी खुदकन हसली. मग बोलायला लागली, भराभर, सगळं कन्नडात. मला त्यातलं 'गंडा' आणि 'अप्पा' सोडून काही कळलं नाही. पण उठवेना. अर्धा तास बसले. तिचं बाळ माझ्या मांडीवर झोपलं. तिकडे भांडी घासायची राहिली म्हणून वहिनी हाका मारत होत्या.

रात्री जपाला बसले नाही, पाय फार दुखत होते.

सीमेवरचा
गंडा म्हणजे नवरा.

जाई_सोलापूर
हो, तेवढं नंतर विचारून घेतलं. अपघात झालाय त्याला. मंगळवारी बघते.

मोगरा_होटगी
ताई, मी होटगी रोडला राहते. धागा पहिल्यापासून वाचतेय, लिहिलं नव्हतं. माझी आई कन्नडच बोलते, दिवसभर घरी एकटी असते. मंगळवारी तिला घेऊन आले तर चालेल का? किती वाजता?

जाई_सोलापूर
साडेअकरा. तिला बसायला खुर्ची आणून ठेवते.